धुळीचे कागद

मिर्ता आणि द्राझेन यांनी रिएका बंदराच्या मासळीबाजारामागे एका खोलीत कंपनी काढली, तेव्हा त्यांचं सॉफ्टवेअर एकच काम करायचं. कराराचे दोन मसुदे ताडून कुणी गुपचूप काय बदललं ते दाखवायचं. वकील खूश झाले. मग गिऱ्हाइकांनी कागदांत दडलेले जुने शेरे पुसून मागितले. मग कागद कचेरीबाहेर जाऊच नयेत अशी सोय मागितली. शेवटी मागणी आली, की मुदत संपताच जुने कागद आपोआप नष्ट व्हावेत. 'कागदांची जोखीम' असं गोंडस नाव देऊन द्राझेनने तेही विकलं आणि कंपनी बंदरावरच्या काचेच्या इमारतीत गेली. खोटेपणा पकडायला निघालेली ही माणसं आता तो झाकायचे पैसे घेत होती, आणि मिर्ताला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग सिमेंटच्या पत्र्यांचा जुना कारखाना गिऱ्हाईक झाला. मिर्ताचे वडील बेपो तिथे ॲस्बेस्टॉसची पोती फोडायचे. त्या धुळीने फुप्फुसं गेली, आता त्यांना जिना चढवत नव्हता. त्यांचा नुकसानभरपाईचा दावा कोर्टात होता आणि कारखान्याचे नवे मालक सांगत होते, की धुळीची मोजमापं कधी घेतलीच नव्हती. यंत्रणा बसवताना मिर्ताने ती मोजमापं स्वतः पाहिली, सहीशिक्क्यासकट. त्याच महिन्याअखेर त्या कागदांची मुदत संपत होती. प्रत काढायची वाट तिनेच कधीची बुजवली होती.

"द्राझेन, ते कागद थांबव."

"गिऱ्हाइकाचे कागद आहेत, बाई. आपण कोण थांबवणारे?"

"माझा बाप मरतोय रे!"

"बेपोकाका मला परके आहेत का? त्यांच्या हातचं माशाचं कालवण खाऊन वाढलोय मी. पण हे केलं, तर उद्या आपल्या दारात कुत्रंही फिरकणार नाही."

एकच उपाय उरला. खटल्यात लागणाऱ्या कागदावर 'राखीव' अशी खूण केली, की तो नष्ट होत नसे. लाखो कागदांतून मिर्ताने नेमके ते निवडले, खुणा केल्या आणि बाबांच्या वकिलाला कोर्टामार्फत ते मागवायला सांगितलं. त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं.

सोमवारी द्राझेन स्वतः कॉफी घेऊन तिच्या टेबलाशी आला. इतका गोड बोलायला लागला, की तिने कप बाजूला सारला.

"कारखानेवाले जाम खूश आहेत तुझ्यावर."

"कशाबद्दल?"

"अगं, त्या ढिगाऱ्यात घातक काय आहे, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. तू निवडून दिलंस. राखीव कागदांची यादी गिऱ्हाइकाला आपोआप जाते, विसरलीस?"

"मग?"

"मग काय? खुणा काढायचा हक्क त्यांचा. कोर्टाचा हुकूम यायच्या आत काढल्या, आणि मुदत तर कालच संपली."

तिने घाईघाईने पाहिलं. कागद नव्हते. ती तशीच घरी धावली.

बेपो खिडकीशी बसले होते, चेहऱ्यावर चक्क समाधान.

"कारखान्याचा वकील येऊन गेला. गुणी पोरगा. माझ्या खोकल्याची चौकशी केली त्याने."

"बाबा, काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुमच्या मुलीने आमच्या कागदांना हात लावलाय, तिच्यावर फिर्याद होईल, तुरुंगात जाईल. दावा सोडलात तर आम्हीही विसरून जाऊ." बेपोंना धाप लागली. श्वास जमेपर्यंत त्यांनी तिचा हात धरून ठेवला. "मी लगेच सही करून टाकली. वेडी कुठली, रडतेस काय? दावा काय तुझ्यापेक्षा मोठा होता?"