‘गप्पा’चं बटण

घशाच्या ऑपरेशनआधी बाबांनी आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. नोकरीभर त्यांनी प्रोग्रॅमच लिहिले होते. मुरुडला परतल्यावर स्वतःसाठी एक लिहिला. पाणी, औषध, दुखतंय अशी मोठाली बटणं आणि सगळ्यांत खाली ‘गप्पा’. ते दाबलं की साठवलेल्या वाक्यांतलं कुठलंही एक वाजे. घर मुकं राहू नये म्हणून.

बाबा गेले. आई मात्र रोज भांडी आटोपली की पडवीत लॅपटॉप सुरू करून बसायची.

“आले वो,” म्हणून ती बटण दाबायची.

“आलीस का? बस.”

“भात लागला आज खाली.”

“तुझ्या हातचं जेवायचं म्हणजे दात हवेत, गोदू.”

“मंग उद्या तुम्हीच शिजवा.”

“नको. उपाशी मरशील.”

रविवारी घरी आले की मलाही हेच ऐकू यायचं. दुःखात माणूस तेच तेच बोलतो, असं समजून मी लक्ष दिलं नाही.

खाऱ्या हवेनं लॅपटॉप आतून गंजला, बॅटरी फुगली. तो गेला तर आईची दुपार जाणार, म्हणून मी नवा आणला आणि प्रोग्रॅम त्यावर चढवायला बसले. बटणं-खिडक्यांसाठी बाबांनी वापरलेल्या तयार कोडच्या लायब्ररीची नवी आवृत्ती जुनं फारसं ओळखत नव्हती. ओळीओळीला इशारे: हे फंक्शन कालबाह्य, ते काढून टाकलं, त्याऐवजी अमुक वापरा. वाक्य निवडण्यासाठी चिठ्ठी काढल्यासारखा आकडा काढणारं फंक्शनही गेलं होतं. सुचवलेलं नवं घातलं. सगळे इशारे गेले. त्याच आठवड्यात जुना लॅपटॉप सुरू व्हायचा थांबला.

आई नव्यासमोर बसली. “आले वो.”

“कुत्र्याला हाकल आधी.”

मला हसू आलं. आई हसली नाही.

“भात लागला आज खाली.”

“आलीस का? बस.”

तिनं हात मागे घेतला. “हे कोन बोलतंय?”

“बाबाच, आई. तेच रेकॉर्डिंग आहे.”

“आवाज त्यांचाच हाय. पन ऐकत न्हाईत ते.”

तेव्हा उमगलं. जुन्या फंक्शनला सुरुवातीचा आकडा दिला नाही, तर प्रोग्रॅम उघडल्यावर दर वेळी तोच क्रम येतो. बाबांनी तो दिला नव्हता. विसरले की मुद्दाम, हे आता विचारता येत नाही. आईला क्रम पाठ झाला होता आणि बाबांच्या प्रत्येक वाक्याआधी तिनं आपलं एकेक वाक्य बसवलं होतं. नवं फंक्शन दर वेळी नवा क्रम काढत होतं.

जुना क्रम परत आणणं अवघड नव्हतं; जुन्या फंक्शनची आकडेमोड तेवढी मी स्वतः लिहून टाकली. दुसऱ्या दिवशी भांडी आटोपल्यावर मी लॅपटॉप पडवीत मांडला.

“बस, आई. आता पहिल्यासारखे बोलतात.”

ती दारातच थांबली. “तू बोलायला लावलंस म्हनून बोलतील, बाय.”

पदराला हात पुसत ती आत गेली. मी बटण दाबलं.

“आलीस का?” बाबा म्हणाले. “बस.”