पायरीवरच्या गुलाबी चपला

मित्रांनो, ठेच लागली की तुम्ही माझ्याच नावाने खडे फोडता. पण मी मनावर घेत नाही. मी एक जुनी दगडी पायरी आहे. दगडाने मनावर घ्यायचे तरी कसे!

गंगापूरच्या शेतात विहीर खणताना मी निघाले. मालक काकासाहेबांनी पाथरवटाकडून मला घडवून घेतले आणि शहरात घर बांधले तेव्हा सोबत आणले. घरामागच्या भाड्याच्या खोलीपुढे मला बसवले. तेव्हा इथे नुसते माळरान होते. पुढे समोर शाळा झाली आणि माझे दिवस पालटले.

खोलीत संघपाल, त्याची बायको सुलेखा आणि लेक मोनाली राहायला आले. संघपाल वाळूजच्या कंपनीत कामाला होता. सुलेखा मला रोज धुऊन काढी. मोनाली माझ्यावर बसून पोळीचा लाडू खाई आणि शाळेच्या भिंतीपलीकडची प्रार्थना ऐकून ऐकून म्हणे. "मला ह्याच शाळेत जायचंय," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, अगदी मांजरालासुद्धा. काय सुखाचे दिवस होते ते!

शाळेचे नाव झाले. मग नियम आला, जवळ राहणाऱ्या मुलांना आधी प्रवेश. झाले! आमच्या गल्लीतल्या घरांचे भाव गगनाला भिडले. काकासाहेब तोवर वारले होते. त्यांच्या पत्नी आवडाबाईंकडे लांब राहणारा एक दुकानदार आला. त्याला खोलीत राहायचे नव्हते. मुलाच्या अर्जासाठी नुसता पत्ता हवा होता. त्यासाठी तो दुप्पट भाडे द्यायला तयार होता. आवडाबाईंना मोह पडला आणि संघपालला खोली सोडावी लागली. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. तिथून भरलेला मोनालीचा अर्ज 'घर लांब आहे' म्हणून परत आला. शाळेसमोर वाढलेली पोर लांबची ठरली, मित्रांनो, आणि माझ्या खोलीला कुलूप लागले.

शाळा सुरू होऊन काही महिने झाल्यावर एके दिवशी शाळेतल्या बाई दुकानदाराच्या मुलाचा पत्ता तपासायला येणार होत्या. खोली नांदती दिसावी म्हणून आवडाबाईंनी दोरीवर धुणे टाकले आणि अडगळीतल्या चपला माझ्यावर मांडल्या. बाई आल्या, आणि नेमका तेव्हाच संघपाल मोनालीला घेऊन राहिलेला पाटा-वरवंटा न्यायला आला.

"पप्पा, ह्या तर माझ्या गुलाबी चपला!" मोनाली ओरडली. तिने पाय घालून पाहिला. टाच बाहेर आली. "आवडाआजी, आता इथं कोण राहतं?"

आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग शाळेतल्या बाईंना म्हणाल्या, "कुणी राहत नाय, बाई. राहत होती ती हीच पोर. मीच घालवली तिला."

दुकानदाराच्या मुलाचा प्रवेश तिथेच रद्द झाला. आवडाबाई संघपालला म्हणाल्या, "परत ये रं बाबा, जुन्याच भाड्यात. लई चुकलं माझं."

"आता प्रवेशाची मुदत गेली, मावशी," संघपाल हळूच म्हणाला. "तिकडच्या शाळेत नाव घातलंय तिचं. मैत्रिणी बी झाल्यात."

मोनालीने चपला नेल्या नाहीत. "मला होत नाहीत," म्हणाली. पण फाटकापर्यंत ती तीच प्रार्थना गुणगुणत गेली. मला भरून आले.

आवडाबाई त्या चपला रोज पुसतात आणि परत माझ्यावरच ठेवतात. खोली अजून रिकामीच आहे. मित्रांनो, नुसत्या पत्त्यासाठी कुणाचे घर अडवू नका, एवढीच माझी विनवणी. मी पायरी आहे. माझ्यावर चपला मांडू नका, पाय ठेवा.