काकूंनी निवडलेलं राखाडी कार्ड

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे, मित्रांनो. माझा एक कोपरा कापलेला आहे, त्यामुळे दुकानात आता मला कुणी विचारणार नाही. पण मी कचऱ्यात गेलो नाही. मी शिवणाच्या डब्यात राहतो, आणि तिथे कसा आलो ते सांगायला मला फार आवडतं.

कारखान्यात प्लास्टिकच्या एका मोठ्या तावातून आम्ही शेकडो भावंडं कापली गेलो. माझ्या पाठीवर तीन गुप्त आकडे ठोकले. रंग मिळाला राखाडी. शेजारच्या गठ्ठ्यातल्या सोनेरी कार्डांचा रुबाब काय सांगू! बँकेत ती वरच्या खणात बसली आणि आम्ही तळाच्या.

एके सकाळी बँकेत चष्मेवाले काका आणि काकू आले. काका चष्मे बनवत आणि काकू दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे शिवत. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन समुद्रापार गेली होती. विमानाचं तिकीट काही त्यांना झेपत नव्हतं. कार्डावर खरेदी केली की पॉइंट जमतात आणि पॉइंटांवर तिकीट मिळतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

बँकेतल्या माणसाने सोनेरी कार्ड पुढे केलं. काका भुललेच. "अगं, हेच घेऊ. विमानतळावर बसायला खास खोली मिळते म्हणे!"

"अहो, आधी विमानात तर बसू," काकू म्हणाल्या. "याची वर्षाची फी किती हो?"

आकडा सांगताना तो माणूस जरा खाकरला. काकूंनी पिशवीतून वर्षभराच्या पावत्या काढून टेबलावर पसरल्या. "हा किराणा, हे दोरे नि कापड, या यांच्या काचा. यावर मिळून मिळून किती पॉइंट मिळणार? ते सगळे तुमची फीच गिळून टाकेल. मग लेकीपर्यंत काय पोचणार, डोंबल? कमी फीचं दाखवा. आणि पॉइंट किराण्यावर मिळायला हवेत, हॉटेलांवर नकोत."

तेव्हा कुठे तळाचा खण उघडला. मित्रांनो, मला कुणीतरी हिशेब करून, पारखून निवडलं, याचा मला आजही अभिमान आहे.

काकूंनी मला भरपूर राबवलं. बिल मात्र तारखेच्या आधी पुरतं चुकतं करायच्या. "उसनं आहे ते, आपलं नाही," असं त्या काकांना बजावायच्या. काकांचं प्रेम वेगळं होतं. हातात येईल ती वस्तू पुसायची त्यांची सवय. रोज दुकान बंद करताना ते काचा पुसायचं औषध मऊ फडक्यावर घेऊन मला दोन्ही बाजूंनी लख्ख करत. मी भाव खात पडून राहायचो. लाड होत होते ना माझे!

चार वर्षं गेली. मग लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. "आई, तू येशील ना गं?" एवढंच ती म्हणाली.

पॉइंट बरोबर एका तिकिटापुरते जमले होते, पण त्यातले सगळ्यात जुने पॉइंट त्या दिवशी संध्याकाळी सहाला बाद होणार होते. काकू दुकानातल्या संगणकापुढे बसल्या. सगळं भरून झालं. तिकिटावरचा कर तेवढा कार्डाने द्यायचा होता, आणि संगणकाने माझ्या पाठीवरचे तीन आकडे मागितले. काकूंनी मला उलटं केलं. पाठ कोरी!

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

काकांचा चेहरा पडला. नवं कार्ड यायला आठवडा लागला असता. काकू पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होत्या. ते बघवत नव्हतं. माझ्याच लाडांपायी हे झालं होतं.

"थांब जरा," काका म्हणाले. त्यांनी मला आपल्या कामाच्या टेबलावर नेलं, डोळ्याला भिंग लावलं आणि दिवा तिरका धरला. शाई गेली होती, पण ठोकलेल्या आकड्यांचे खड्डे राहिले होते. "सात... चार... आणि हा तीन की आठ?"

"गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता ना, घाई करू नका, डोळे मिटा आणि परत बघा? तसंच करा."

काकांनी डोळे मिटले, उघडले. "तीन. तीनच!"

पावणेसहाला तिकीट निघालं. "जा तू. दुकान बघतो मी," काका म्हणाले, आणि स्वतःचा चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.

काकू वेळेवर पोचल्या. नात झाली.

पुढे माझी मुदत संपली आणि तशाच कमी फीचं नवं कार्ड आलं. जुनं कापून टाका, असं पत्रात लिहिलं होतं. दिवसभर कापड कापणारी काकूंची कात्री माझ्यापाशी मात्र अडली. शेवटी त्यांनी चिप असलेला कोपरा तेवढा कापला. आता नातीला शिवून पाठवायच्या फ्रॉकची दुमड त्या माझ्यावर मोजतात. खाली कार्डभर कापड आत दुमडायचं. पोर वाढली की लेक तिकडे ते उसवून फ्रॉक लांब करते.

मित्रांनो, कार्ड घ्याल तेव्हा त्याची चमक बघू नका, ते तुमच्या घरात काय कामाचं आहे ते बघा. आणि जपा आम्हांला, पण पुसून पुसून नव्हे हं!

नवं कार्ड पॉइंट जमवतंय. दुसऱ्या तिकिटाला अजून अवकाश आहे, आणि काकांनी नातीला एकदाही जवळ घेतलेलं नाही. परवा लेकीचा फोन आला, पहिल्या फ्रॉकची दुमड सगळी उसवली म्हणून. काकांनी मला डब्यातून उचललं. या वेळी पुसलं नाही. मला नुसतं दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "एवढी वाढली गं ती?"

"हो," काकू म्हणाल्या, "एवढी वाढली."

काकांनी मला बराच वेळ खाली ठेवलं नाही.