कॉन्रॅडने चढवलेल्या तारा

नरहरी राऊताने पेटीचं झाकण उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला. आतली बास गिटार त्याचीच होती, बेचाळीस वर्षांची जोडीदारीण, पण आज ती बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी नटली होती. लाकडाला तेलपाणी झालेलं, खुंट्यांचा गंज गेलेला. आणि चारही तारा कोऱ्या करकरीत, चांदीसारख्या चकचकत होत्या.

"अनुज!"

हाक अशी सणसणीत होती की वाडीतल्या केळींखाली वाकलेली त्याची बायको प्रेमलता विळा टाकून घराकडे धावली. म्हातारा पडला की काय, असंच तिला वाटलं.

अनुज मात्र हसत हसत बाहेर आला. हा नरहरीचा एकुलता एक मुलगा. मुंबईत बँकेत नोकरी, नायगावला नव्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर घर, आणि शनिवार-रविवार आईवडिलांकडे वाघोलीला. पोरगा गुणाचा, त्यात काही वाद नाही. पण गुणाच्या पोरांना एक खोड असते, न विचारता मदत करायची.

"बाबा, कशी वाटली? काल तुम्ही झोपला होतात ना दुपारी, तेव्हा दोन तास बसलो होतो. तारा किती वर्षं बदलल्या नव्हत्या तुम्ही? काळ्याठिक्कर पडल्या होत्या अहो!"

"बेचाळीस वर्षं! आणि त्या बदलायच्याच नव्हत्या, गाढवा!"

अनुजचं हसू जागच्या जागी विरलं. बिचाऱ्याने व्हिडिओ बघून, पक्कड घेऊन, स्वतःच्या हातांनी सगळं केलं होतं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, दुसरं काय!

आता हे वाचणाऱ्यांतले निम्मे म्हणतील, चार तारांसाठी एवढं आकांडतांडव कशाला? तर ऐका. बास ही मोठी गमतीची चीज आहे. ती वाजत असते तेव्हा कुणाला ऐकू येत नाही, आणि थांबली की नाचणाऱ्यांच्या पायांतला जीव जातो. तार नवी असते तेव्हा ती ठण्णकन वाजते, घंटेसारखी. मग वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम, तेल, मळ तिच्या वेटोळ्यांत बसत जातो. वर्षं सरतात. ठणठणाट मरतो आणि उरतो तो गोल, भरलेला, पोटात जाऊन बसणारा धुम्म. या धुम्मसाठी हल्लीची पोरं जीव टाकतात. अनुजच्या फोनमध्येसुद्धा एक बटण आहे, दाबलं की आवाज म्हणे 'व्हिंटेज' होतो. नरहरीने एकदा ते ऐकलं आणि म्हणाला, "हा तर सर्दी झालेला आवाज आहे." त्यापलीकडे त्याने त्या बटणाची चौकशी केली नाही.

खरं सांगायचं तर नरहरीचा आणि गिटारचा लग्गा लागायचं काही कारणच नव्हतं. बागायतदाराचा मुलगा तो, केळी आणि पानवेली करणाऱ्यांच्या घरातला. चौऱ्याऐंशी साली शेजारच्या गिरीज गावी एका लग्नाच्या मांडवात फुलांच्या करंड्या पोचवायला गेला. तिथे गिटारवाल्या कॉन्रॅडचा ऑर्केस्ट्रा तयारीत होता आणि कॉन्रॅड डोक्याला हात लावून बसला होता, कारण त्याचा बासवाला दोनच दिवसांपूर्वी दुबईला पळाला होता. कॉन्रॅडने करंडी उचलणाऱ्या या तेवीस वर्षांच्या पोराचे पंजे पाहिले आणि विचारलं, "काय रे, मोजता येतं का तीनपर्यंत?"

"येतं की!"

"मग झालं. बस इथे."

कॉन्रॅडला खरी चिंता होती ती स्वतःच्या लग्नाची, ते आठवड्यावर आलं होतं. नवरी होती मटिल्डा, त्याच्याच ऑर्केस्ट्रात गाणारी. आपल्या लग्नात पहिला नाच करायला कॉन्रॅडने स्वतः एक वॉल्ट्झ, तीन मात्रांची जोडीनाचाची धून, रचला होता. पळालेल्याने मागे टाकलेली बास त्याने नरहरीला देऊन टाकली आणि सात दिवस, सात संध्याकाळी त्याच्याकडून तो घोटून घेतला. बोटीवर नोकरीला असलेल्या चुलतभावाकडून त्याने बासच्या तारांचं एक पाकीट मागवलं होतं. लग्नाच्या सकाळी नवरदेवाच्या पोशाखात बसून त्याने त्या चार तारा नरहरीच्या गिटारवर चढवल्या, शेवटची खुंटी पिळली आणि म्हणाला, "आता ह्या तुटेपर्यंत तुझ्या." त्या तुटल्याच नाहीत. ऑर्केस्ट्रा तीस वर्षं चालला, मग डीजेवाल्यांनी सगळ्यांचं दुकान बंद केलं, दोन वर्षांपूर्वी कॉन्रॅडही गेला. तारा राहिल्या. नरहरी रोज दुपारी चहानंतर त्या वाजवायचा, आणि कॉन्रॅड शेजारी बसला आहे असं त्याला अगदी खरोखर वाटायचं. हे तो कुणाला बोलला नव्हता, प्रेमलतेलासुद्धा नाही.

बरं, गोष्ट एवढ्यावर असती तरी म्हातारा चार दिवस धुमसून गप्प झाला असता. पण मध्ये त्याने शब्द दिला होता. पंधरा दिवसांपूर्वी मटिल्डा स्वतः रिक्षा करून वाघोलीला आली होती. तिचं शेंडेफळ, सुझान, हिचं लग्न ठरलं होतं. ओट्यावर बसून, पाण्याचा पेला हातात तसाच धरून ती म्हणाली, "नरहरी, सुझानला पहिला नाच तिच्या डॅडीच्या वॉल्ट्झवर करायचाय. तू वाजव. तुझ्याच बासवर, त्यानेच बनवलेल्या ॲम्पवर. तो नाही, पण आवाज तरी तोच असू दे."

"वहिनी, तुम्ही काळजीच करू नका. तोच आवाज देईन," नरहरी म्हणाला होता.

आणि लग्न आता सात दिवसांवर आलं होतं.

"जुन्या तारा कुठेयत?" नरहरीने विचारलं. अजून आशा होती. काढलेली तार परत चढवता येते.

अनुज आईकडे बघू लागला. आई केळींकडे बघू लागली.

"अगं, बोल की!"

"मला काय ठाऊक अहो! कचऱ्याच्या डब्यात होत्या. मी म्हटलं, एवढी चांगली तार, घंटागाडीत कशाला घालायची?"

आता बागायतदाराच्या बायकोच्या हाताला चांगली तार लागली तर ती काय करील? नरहरी चपला न घालताच मागच्या मांडवाकडे पळाला. वेलांवर पडवळं लोंबत होती आणि सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला दगड बांधला होता. दगड कशाने बांधले होते ते सांगायला नको. बांधणाऱ्या हाताने गाठी चांगल्या पक्क्या मारल्या होत्या. पण खरा घात आधीच झाला होता. अनुजने तारा सोडवताना पकडीने मधोमध कापल्या होत्या. आठ तुकडे. नरहरीने ते एकेक करून सोडवले, धोतराच्या सोग्यात गोळा केले आणि मांडवाखालीच मटकन बसला.

"बाबा, सॉरी," मागे उभा राहून अनुज म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी पाटी फोडल्यावर यायचा तसा आला होता. नरहरीला पोराची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तो सोग्यातले तुकडेच पुन्हा पुन्हा मोजत बसला.

पण शब्द तर पाळायचा होता. सोमवारपासून नरहरीने नव्या तारांना म्हातारं करायचं मनावर घेतलं. सकाळी दोन तास, दुपारी तीन तास वाजवणं. तारांना खोबरेल चोळून झालं. राख लावून झाली. बुधवारी प्रेमलतेने बोंबील तळले, तर हा गडी जेवून उठला आणि हात न धुताच वाजवायला बसला.

"शी! अहो, काय चाललंय काय?"

"मुरवतोय."

"लोणचं आहे का ते?"

गुरुवारपर्यंत तारांना बोंबलांचा वास यायला लागला, पण आवाज ठण्णच्या ठण्ण. चाळीस वर्षांचं काम चार दिवसांत करायला निघाला होता, दुसरं काय होणार? कॉन्रॅडचा ॲम्प, बासचा आवाज मोठा करणारा खोका, मात्र होता तसाच होता. पापडीच्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कॉन्रॅडने तो जुन्या वॉल्व्हांतून जोडला होता, फणसाच्या लाकडाच्या खोक्यात. उचलायला दोन माणसं लागायची. चालू केला की लगेच बोलायचा नाही, दोन मिनिटं गुरगुरायचा, आत काचेच्या नळ्या केशरी व्हायच्या, तापलेल्या धुळीचा वास सुटायचा आणि मग कुठे तोंड उघडायचा. अनुजने तो साफ केला नव्हता, कारण तो त्याच्या एकट्याने हललाच नव्हता. देवाची कृपा!

शुक्रवारी नरहरीने फ्रान्सिसला बोलावलं. फ्रान्सिस ऑर्केस्ट्राचा ड्रमवाला, कान अर्धे गेलेले, पण डोकं शाबूत. त्याने एक सूर ऐकला, कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचा कोरा स्पंज घेऊन आला. त्याची पट्टी कापली आणि तारांच्या खाली, खालच्या टोकाला दडपून बसवली.

"आता वाजव."

नरहरीने वाजवलं. ठणठणाट दबला. धुम्म नाही, पण धुम्मच्या जवळपासचं काहीतरी आलं.

"बारा आणे," फ्रान्सिस म्हणाला. "बाकीचे चार आणे लग्नात कुणाला कळतायत?"

"वहिनींना कळतील."

"ती आईच्या डोळ्यांनी लेकीकडे बघेल की तुझ्या तारांकडे?"

नरहरीला ते पटलं नाही, पण दुसरा उपायही नव्हता. फसवणूक ती फसवणूकच, ही टोचणी घेऊनच तो रविवारी गिरीजला गेला. ॲम्प अनुजने आणि फ्रान्सिसच्या जावयाने मिळून स्टेजवर चढवला. अनुज आठवडाभर फोनवरसुद्धा बापाशी कान धरलेल्या पोरासारखा वागत होता. खोका खाली ठेवल्यावर त्याने आपल्या रुमालाने त्याच्यावरची धूळ पुसली, पण फक्त वरवरची, आणि बापाकडे चोरून बघितलं.

संध्याकाळची साडेसात. अंगणात दिव्यांच्या माळा, खुर्च्या भरलेल्या, पोरंटोरं केकभोवती. गिटारला लग्नाच्या बँडमधला एक पोरगा होता, ड्रमवर फ्रान्सिस. सुझान आणि तिचा नवरा मधोमध येऊन उभे राहिले. मटिल्डा पहिल्या रांगेत, निळी साडी, केसांत मोगरा, हात मांडीवर घट्ट धरलेले. नरहरीने तीन मोजले आणि वॉल्ट्झ सुरू झाला.

चार ओळीही झाल्या नसतील. मटिल्डा उठली आणि तिने हात वर केला.

संगीत थांबलं. सुझान गोंधळून आईकडे बघत राहिली. मटिल्डा कठडा धरून एकेक पायरी स्टेजवर आली आणि थेट नरहरीसमोर उभी राहिली. 

"तारांखाली काय कोंबलंयस हे?"

झालं! एवढ्या माणसांसमोर! नरहरीने मान खाली घातली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अनुज, पक्कड, पडवळं, बोंबील, स्पंज, काही ठेवलं नाही. "वहिनी, मला माफ करा. कॉन्रॅडच्या हातच्या तारा होत्या. मला सांभाळता नाही आल्या. तो आवाज गेला."

"ते काढ आधी."

"काढलं तर ठणठण वाजेल हो. सगळं बिघडेल."

"काढ म्हणते ना!"

त्याने स्पंज ओढून काढला. मटिल्डाने मानेनेच खुणावलं, आणि नरहरीने एक सूर वाजवला. नव्या तारेचा, कोरा, उघडा, ठण्ण करून अंगणभर गेला. मटिल्डाने डोळे मिटले. 

"हाच," ती म्हणाली. "अरे वेड्या, हाच. माझ्या लग्नाच्या संध्याकाळी तुझ्या तारा एका दिवसाच्या होत्या. सकाळीच चढवल्या होत्या त्याने. मी त्याचा हात धरून नाचले ते ह्या आवाजावर. मग तो आवाज वर्षावर्षाने मेला, रोज ऐकणाऱ्या तुला कळलंच नाही. मी ऐकत होते ना स्टेजवरून! मी कॉन्रॅडला दहादा सांगितलं, नरहरीच्या तारा मेल्यात, बदल. त्याने नवी पाकिटंसुद्धा आणून ठेवली होती, दोनदा."

"मग? मला का नाही दिली?"

"मला म्हणायचा, राहू दे. माझ्या हातच्या म्हणून जपतोय तो. काढल्या तर नरहरी रडेल."

नरहरीने नव्या तारांवर पंजा ठेवला. म्हणजे इतकी वर्षं तो कॉन्रॅडचा आवाज सांभाळत होता, आणि कॉन्रॅड त्याला सांभाळत होता. रात्रीच्या रात्री शेजारी उभं राहून, मेलेल्या तारांच्या साथीने वाजवत, एक शब्द न बोलता, चेष्टा न करता. चांगल्या गिटारवाल्याला ते किती खुपलं असेल, हे नरहरीला आता, या वयात, समजलं.

"चल," मटिल्डा म्हणाली, "लेक खोळंबलीय."

ती खाली उतरली, पण खुर्चीवर बसली नाही. सुझानच्या जवळ जाऊन उभी राहिली. फ्रान्सिसने काठ्या उचलल्या, गिटारवाल्या पोराने मान हलवली. नरहरीने दोनपर्यंतच मोजलं, तिसरा आकडा फ्रान्सिसनेच म्हटला. वॉल्ट्झ सुरू झाला, तेवीस वर्षांच्या पोराने वाजवावा तसा, ठणठणीत. खाली माणसं नाचायला लागली. कॉन्रॅड त्याला पुरता ओळखून होता. नरहरी रडला, अगदी पोरासारखा, सगळ्या गिरीजच्या देखत, आणि एकही सूर न चुकता वाजवत राहिला.