संगणकास स्मरणपत्रिका मिळणेबाबत

आमच्या ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात एक लॅपटॉप आहे. आकाराने शाळेच्या पाटीएवढा आणि पोटात जागा बत्तीस जीबी. त्यातले तेवीस विंडोजनेच बळकावलेले. उरलेल्या नऊ जीबीत अख्ख्या गावाचे दाखले, उतारे आणि कार्डं गुण्यागोविंदाने नांदतील, अशी वरच्यांची अपेक्षा. लॅपटॉप आला त्या दिवशी त्याच्यासमोर नारळ फोडला, पेढे वाटले आणि झाकणावर ‘बाहेरील कोणतीही वस्तू जोडू नये’ असं स्टिकर चिकटवलं. मी जागृती, या केंद्राची ऑपरेटर. आठ वर्षं कंत्राटावर आहे, म्हणजे दर मार्च संपला की नव्याने लागते.

नऊ जीबीतले सहा सरपंचांच्या सत्कारांनी व्यापले होते. दयारामदादांच्या घरचं मिठागर वडिलांबरोबरच संपलं. आता त्यांचे ट्रक बंदरावर चालतात आणि दादा सत्कारांवर चालतात. क्रिकेटच्या सामन्याला पाहुणे म्हणून गेले, सत्कार. नवा ट्रक आला, सत्कार. जेट्टीवर दिव्याचा खांब उभा राहिला, सत्कार. दिवा अजून लागलेला नाही. प्रत्येक सत्काराचं शूटिंग पेनड्राइव्हवरून माझ्याकडे यायचं. सरपंचांचा पेनड्राइव्ह ही अर्थातच ‘बाहेरील वस्तू’ नव्हे. “ह्ये जपून ठेव जागृती, गावाचा इतिहास हाय ह्यो,” असं दादांनी बजावलं होतं. इतिहास पुसायची माझी काही टाप नव्हती.

राहिलेल्या तीन जीबीत मी कसंबसं भागवत होते. एकाचा अर्ज गेला की त्याचे कागद पुसायचे आणि दुसऱ्याचे घ्यायचे. मग ऑगस्टमध्ये विंडोजला अपडेटची हुक्की आली. त्याला आठ जीबी हवे होते. तेवढे मिळेनात म्हणून ते अर्धवट उतरलं आणि होत्या तेवढ्या जागेत फतकल मारून बसलं. तेव्हापासून साधा जन्मदाखला स्कॅन केला तरी पडद्यावर ‘जागा नाही’ असं यायला लागलं.

आता यावरचा उपाय पाचवीतल्या पोरालाही माहीत आहे. लॅपटॉपच्या कडेला एक खाच असते. तिच्यात मेमरी कार्ड सरकवायचं, जड सामान तिकडे हलवायचं, की मूळ जागा मोकळी. मी तसं आमच्या ग्रामसेवकांना सांगितलं. त्यांचं नाव विनेश, पण ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. भाऊसाहेब म्हणाले, लॅपटॉप योजनेतला आहे, आपल्या मनाने त्यात टाचणीसुद्धा घालता येणार नाही, रीतसर मागणी करू. त्यांना शुद्ध मराठीचं भयंकर वेड. मराठी भाषा दिनाला तालुक्यात त्यांचा दुसरा नंबर आला होता, त्याची नशा अजून उतरलेली नाही. रेशन कार्डाला शिधापत्रिका म्हणतात, मग मेमरी कार्डाला काय म्हणायचं, असं त्यांनी मलाच विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच लिहिलं : ‘विषय – संगणकास स्मरणपत्रिका मिळणेबाबत.’

अकरा दिवसांनी वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं. ‘आपले स्मरणपत्र प्राप्त झाले. तथापि मूळ पत्र या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. तरी मूळ पत्राचा जावक क्रमांक व दिनांक उलटटपाली कळवावा.’ भाऊसाहेबांनी कळवलं की मूळ पत्र असं काही नाही, हेच पहिलं पत्र आहे, स्मरणपत्रिका ही एक वस्तू असून ती नखाएवढी असते. मी म्हटलं, कंसात मेमरी कार्ड लिहा. ते म्हणाले, आपणच भाषेची लाज बाळगायची का? पुढच्या पंधरवड्यात तिसरा कागद आला. मूळ पत्र न पाठवता परस्पर स्मरणपत्र पाठवून कार्यालयाची दिशाभूल केल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा मागितला होता आणि तपासणीसाठी अधिकारी येतील असंही लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि मग ते घाबरले.

या पत्रापत्रीच्या दीड महिन्यात महनूर माझ्याकडे तीनदा येऊन गेली होती. आमच्या गावच्या मोहल्ल्यातली ही मुलगी, अठरा पूर्ण. तिला अलिबागला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. त्यासाठी अधिवासाचा दाखला हवा होता. निदान दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती शेवटच्या तारखेपर्यंत कॉलेजच्या साइटवर चढवायला हवी होती. गेल्या वर्षी ह्याच दाखल्यावाचून तिची जागा गेली. तिचे वडील कुवेतला असतात. त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं की यंदा नाही झालं तर विषय बंद. तिची आई तैयबा हे सांगताना माझ्यासमोर रडली होती, महनूर नव्हती रडली. ती नुसती कागदांची पिशवी छातीशी धरून यायची आणि ‘जागा नाही’ वाचून परत जायची. तिसऱ्यांदा ती तशीच वळली तेव्हा मला माझीच शरम वाटली.

म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेले, तिकडच्या बाजारातून कार्ड घेतलं आणि संध्याकाळच्या लाँचने परत आले. कार्डावर एकशेअठ्ठावीस छापलं होतं, आत भरले एकशेएकोणीस. आमच्याकडे एक गुंठा विकत घेतला की मोजणीत असाच भरतो, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही.

सोमवारी सकाळी दहाला कार्ड खाचेत बसवलं. ते नखाएवढं बाहेर डोकावत होतं. सत्कारांचं अख्खं फोल्डर तिकडे पाठवायला लावलं आणि महनूरला समोर बसवून घेतलं. फोल्डर जायला अडीच तास लागले. सत्कार म्हटला की वेळ जायचाच. साडेबाराला लॅपटॉपमध्ये सहा जीबी मोकळे झाले. महनूरने पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, मी तो स्कॅनरवर उपडा ठेवला आणि दारात जीप थांबली.

आलेले साहेब मूळ पत्र शोधायला आले होते. त्यांनी जावक रजिस्टर मागून पुढे आणि पुढून मागे पाहिलं. मग त्यांचं लक्ष लॅपटॉपच्या कडेला गेलं आणि त्यांनी हे काय म्हणून विचारलं. भाऊसाहेब उभे राहून म्हणाले, “ही स्मरणपत्रिका, साहेब.”

साहेब बराच वेळ त्या नखाएवढ्या टोकाकडे बघत राहिले. दीड महिन्याचा सगळा पत्रव्यवहार कशाबद्दल होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. मला वाटलं, आता हे हसतील आणि चहा मागवतील. पण त्यांनी हिशेब वेगळाच मांडला. मागणी मंजूर झालेली नाही, तरी वस्तू आत बसलेली आहे, म्हणजे शासकीय यंत्रात परस्पर केलेला हस्तक्षेप. ते म्हणाले, कार्ड काढा. आमचे शिपाई बाळाजीकाका लगबगीने पुढे आले आणि कोणतं, आधार की रेशन, असं त्यांनी विचारलं. आमच्या केंद्रात कार्ड काढा म्हटलं की एवढाच अर्थ होतो.

कार्ड पाकिटात गेलं. पाकिटावर लाख लावली. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक बाळाजीकाका. दुसरी समोर बसलेली महनूर चालेल का, असा विचार करून साहेबांनी तिला विचारलं, “तू इथलीच रहिवासी का? काही दाखला आहे?”

“त्याच्यासाठीच बसलेय, साहेब,” महनूर म्हणाली.

दाखला नाही म्हटल्यावर पंच म्हणून जीपचा ड्रायव्हर बसला. साहेबांनी मला सांगितलं की चार वाजता खुलासा आणि लॅपटॉप दोन्ही ताब्यात द्यायचं, आणि ते दयारामदादांकडे जेवायला गेले. सुरमई होती. आपले चार वर्षांचे सत्कार त्याच साहेबांच्या बॅगेत लाख लावून बंद आहेत, हे दादांना वाढताना ठाऊक नव्हतं.

दीड वाजला होता. भाऊसाहेबांनी दार लोटलं आणि माझ्यापुढे कागद ठेवला. खुलासा त्यांनी माझ्या वतीने लिहूनही टाकला होता, मी फक्त सही करायची होती. अक्षर सुरेख. त्यात लिहिलं होतं की, सदर वस्तू अर्जदार कुमारी महनूर हिने ऑपरेटरची नजर चुकवून परस्पर यंत्रात घातली.

मी विचारलं, म्हणजे हिचा अर्ज? ते म्हणाले, चौकशी होईपर्यंत प्रलंबित राहील, बाकी तिला काही होणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ताई, तुमचं कंत्राट वाचेल. पोरगी लहान आहे. एका वर्षाने काय बिघडतंय?”

हे त्यांनी महनूरपासून चार हातांवर सांगितलं. तिने ऐकलं, कारण तिने कागद पिशवीत भरायला सुरुवात केली. सवयीने भरत होती, तीनदा भरले होते तसेच. मला कमालीचा संताप आला. त्यात भाऊसाहेबांवरचा अर्धाच होता. उरलेला माझ्यावर होता, कारण कागद वाचल्यावर पहिला क्षणभर मी मार्च महिन्याचा विचार केला होता.

मी महनूरला म्हटलं, “पिशवी ठेव खाली. कागद काढ परत.”

लॅपटॉप अजून अडीच तास माझ्या ताब्यात होता, आणि सत्कार सरकारजमा झाल्यामुळे त्यात सहा जीबी रिकामे होते. शाळेचा दाखला, जन्मदाखला, रेशन कार्ड, तलाठ्याचा रहिवासाचा कागद, सगळे एका दमात स्कॅन झाले. एकदाही ‘जागा नाही’ आलं नाही. मग साइट बसली. अडीचला उठली, फोटो मागितला, फोटो दिल्यावर परत बसली. तीनला ओटीपी आला तो तैयबाच्या फोनवर, आणि तैयबा फोन घरात ठेवून कोळंबीचे सोडे सुकत घालायला गच्चीवर. बाळाजीकाका, जे एरवी पाण्याचा तांब्या आणायलाही वीस मिनिटं लावतात, ते मोहल्ल्यात धावत गेले आणि आकडा तळहातावर लिहून आणला. घामाने शेवटचा आकडा पुसट झाला होता. आम्ही तो एक धरला, तो सात निघाला. दुसऱ्या खेपेला जमलं.

तीन वाजून सदतीस मिनिटांनी पावती आली. महनूर फोन घेऊन बाहेरच्या ओट्यावर गेली, रेंज तिथेच येते. मी भाऊसाहेबांचा कागद सही न करता त्यांना परत दिला आणि कोऱ्या कागदावर लिहिलं : कार्ड माझं आहे, मी घातलं, कारण जागा नव्हती. भाऊसाहेबांनी वाचलं. म्हणाले, ताई, यात विषय नाही, संदर्भ नाही, फारच त्रोटक झालंय. पण त्यांनी ‘कार्ड’ हा शब्द दुरुस्त केला नाही.

साहेब बरोबर चारला आले. खुलासा एका नजरेत वाचून झाला, तेवढाच होता. खरं बोलल्याबद्दल त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मग सांगितलं की उद्यापासून यायचं नाही, लेखी आदेश मागाहून मिळेल. नवा ऑपरेटर येईपर्यंत केंद्र बंद. मी लॅपटॉप, चार्जर आणि कपाटाची चावी टेबलावर ठेवली. आठ वर्षांचं सामान म्हणून माझ्याकडे एक स्टीलची बाटली आणि खुर्चीवरची उशी निघाली.

ओट्यावर महनूर उभी होती. पावती चढली होती, कॉलेजचा तसा मेसेजही आला होता, तो तिने मला दोनदा दाखवला. एवढ्या वेळात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. आत काय झालं हे तिला माहीत नव्हतं.

“ताई, दाखला पंधरा दिवसांत होईल ना? मी न्यायला येईन. तुम्ही असाल ना तेव्हा? अम्मी तुमच्यासाठी सोडे देणार आहे.”

“दाखला थेट तुझ्या मोबाईलवर येईल,” मी म्हटलं. “त्यासाठी इथे यायची गरज नाही. फार चांगली सोय केलीय सरकारने.”

आठ वर्षांत सरकारबद्दल एवढं एकच वाक्य मी टोमणा न मारता बोलले. महनूरला ते पटलं आणि ती आनंदाने घरी गेली.