सासऱ्यासमोर बसलेली सून

मित्रांनो, तामसीजवळच्या एका गावातल्या पंचायतीची जुनी सागवानी खुर्ची म्हणजे मी. निर्मल गावच्या सुतारानं मला घडवलं. "हिच्यावर सरपंच बसंल," असं तो कौतुकानं म्हणाला होता.

पुढं जागा बाईसाठी राखीव झाली आणि प्रयागबाई सरपंच झाल्या. पण आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खुर्चीत बसत नाही. हे हेरून त्यांचे सासरे देवाजी रोज समोरच्या बाकावर ठाण मांडायचे. झालं! बाई दारापाशी उभ्या, कारभार देवाजींचा आणि माझ्यावर फाइलींचा ढीग. गाव याला संस्कार म्हणायचं. मी चोरी म्हणते.

त्यांच्यानंतर प्रियदर्शनी निवडून आली. आदिलाबादच्या कोर्टात वकिली करणारी, गावाचीच सून. पहिल्या सभेला तिचे सासरे नागोराव मुद्दाम त्याच बाकावर येऊन बसले. खोली गच्च भरली होती.

"काऊन वकीलबाई, कोर्टात तं लय बोलता," जुने पंच माणिकराव खिजवू लागले. "खुर्ची गरम लागून राह्यली का?"

"कोर्टात उभीच असतो, भाऊ. इथं बसाले आली."

तिनं डोक्यावर पदर घेतला, सासऱ्यांच्या पाया पडली. मला वाटलं, हीपण गेली दारापाशी.

"मामाजी, घरी तुमच्यासमोर बसली नाई, बसनारबी नाई. पन इथं मले गावानं बसवलं हाय."

फाइली तिनं खाली ठेवल्या आणि ती बसली. मित्रांनो, माझं सागवान शहारलं.

नागोरावांनी तिच्याकडे बघितलं. मग मिशी चोळत म्हणाले, "बसली तं बसली. आता आमच्या गल्लीच्या नालीचं सांग."

दाराशी प्रयागबाई पुटपुटल्या, "बसता येते व्हय? मले कोनी सांगितलंच नाई."

नाली झाली. मग प्रियदर्शनी जिल्हा परिषदेत गेली, तिथून विधानसभेत. तिथल्या खुर्च्या गुबगुबीत असतील. पण बसायला ती माझ्यावर शिकली, हे मी छाती ठोकून सांगते.

आता माझा एक पाय डुगडुगतो. जमलं तर खिळा ठोका, नाही ठोकलात तरी मी रागावणार नाही. पण बाईला मत देऊन निवडायचं आणि मग उभं ठेवायचं, एवढा निर्लज्जपणा पुन्हा करू नका.