खाटेसकट

"माझ्या घरातली जनावरं माझ्या शब्दाबाहेर नाहीत," अक्का म्हणाली, आणि तेवढ्यात बदक टोमॅटोच्या वाफ्यातून बाहेर आलं. चोचीत अख्खं रोप. मुळासकट. त्याच्या मागोमाग कुत्रा आला. त्याच्या तोंडात अक्काच्या लेकीची चप्पल. बोका तेवढा जागेवर होता. तो जावयाच्या मांडीवर बसून त्याच्याच बशीतला चहा पीत होता.

लेक काही बोलली नाही. ती शहरात मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. गप्प राहून माणसाला गोळी गिळायला लावायची तिला सवय आहे.

मी कुंपणापलीकडे शेंगांच्या वेलाला काठ्या लावत होते. म्हणजे काठ्या कधीच लावून झाल्या होत्या. पण शेजारी म्हणून वीस वर्षं काढल्यावर बोलणं अर्धं ऐकून घरात कसं जाणार?

"आई, मी भांडायला आलेले नाही," लेक म्हणाली.

"मग ती झारी घे आणि मिरच्यांना पाणी घाल."

"तू शिडीवरून पडलीस."

"पडले नाही. उतरले. जरा लवकर उतरले."

"कोंबड्यांच्या खुराड्यावर?"

"खुराडं मधे आलं, त्याला मी काय करू?"

"मागच्या वेळी ह्यांना चहात साखरेऐवजी मीठ घातलंस."

"जावईबापू काही बोलले का?"

"चांगला होता," जावई म्हणाला. तो स्वभावानं फार गरीब. बोक्यालासुद्धा "जरा सरकता का" म्हणतो.

मग लेकीनं खरं काय ते काढलं. खोली तयार होती. पाचवा मजला, लिफ्ट आहे, गॅलरीत उजेड आहे, शिवाय चार कुंड्या आणून ठेवल्यात.

"चार कुंड्या!" अक्का म्हणाली. "एवढ्या मातीत माझी कोथिंबीरसुद्धा पाय पसरणार नाही. आणि ही तिघं कुठे राहायची?"

"आमच्या इमारतीत प्राणी चालत नाहीत. गेटवर मोठी पाटी लावलीय."

"मग मी बरी चालते?"

त्या तिघांचंही सांगायला हवं. कुत्र्याचं नाव पाहुण्या. एका दुपारी सावलीला म्हणून आला, त्याला सात वर्षं झाली. बोक्याचं नाव मॅनेजर, कारण काम काही नाही आणि बसायला सगळ्यात मऊ जागा लागते. बदकाला नाव नव्हतं. त्याला अक्का जे म्हणायची ते लिहिता येणार नाही.

लेक उठली, आईच्या समोर जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तुझे डोळे गेलेत. तुला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मी बघितलंय."

हे मात्र लागलं. मला कुंपणापलीकडे लागलं, तर तिला किती लागलं असेल! थंडी सरली, उन्हाला जरा चटका आला, की आमच्या गल्लीतल्या बाया जुनी कापडं कवटाळून अक्काच्याच अंगणात यायच्या. गावातली अर्धी माणसं तिच्या गोधडीत वाढली आणि उरलेली तिच्या गोधडीत आजारपणं काढून उठली. तिला कुणी म्हातारी म्हणालं तर ती हसायची. पण सुईवरून बोलायचं म्हणजे...

अक्का उभी राहिली. कमरेला तिचं ते जाड फडकं होतं. बागकामाला कायम बांधायची. त्याला दोन खिसे, एकात बिया, एकात दोऱ्याची रिळं.

"पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली. "एक गोधडी शिवून ठेवते. एकटीनं. फूटपट्टी लावून बघ. एक टाका वाकडा निघाला तर मुकाट गाडीत बसते. नाही निघाला तर हा विषय तुझ्या तोंडून पुन्हा यायचा नाही. आहे कबूल?"

"आठ दिवसांत?"

"चार दिवसांत. उरलेल्या चारांत टोमॅटो परत लावीन. आणि ती कुंपणामागे जी कान टवकारून बसलीय, ती साक्षीला."

"मी काही ऐकलं नाही," मी म्हणाले, "पण कबूल."

सोमवारी अक्कानं टोमॅटोचा वाफा खणला. मंगळवारी पेटी उघडून कापडं काढली. तिचे मालक, आमचे काका, जाऊन सहा वर्षं झाली, पण बसवर नोकरीला असतानाचे त्यांचे सगळे खाकी शर्ट तिनं घड्या घालून ठेवले होते. लेकीचे शाळेतले निळे झगे होते. एक पडदा होता, तो माझा होता. तो तिच्या पेटीत कसा गेला हे मी विचारलं नाही, कारण तिची कढई माझ्याकडे होती.

बुधवारी कुंपणावरून सुयांची डबी आली.

"ह्या गंजल्यात का बघ गं जरा."

मी बघितल्या. नव्या कोऱ्या, बारा. मी बाराच्या बारा सुयांत दोरे ओवले आणि डबी परत दिली.

"गंजल्या नाहीत," मी म्हणाले.

"मला वाटलंच," अक्का म्हणाली. "आणि हे बघ, मदत घ्यायची नाही असं ठरलंय. तेव्हा उद्यापासून माझ्याकडे ढुंकूनही बघू नकोस. फक्त सकाळ-संध्याकाळ ह्या गंजतात का तेवढं बघत जा."

गोधडीचं काम असं असतं, की आधी अंगणात कापडं एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवायचे, आणि कडेनं शिवत सुटायचं. चारही बाजू बंद झाल्या की आतला फेर, मग त्याच्या आतला, असं फिरत फिरत मधोमध यायचं. अक्काची पद्धत होती, की चौथी बाजू शिवायच्या आधी काठीनं सगळी गोधडी झोडायची. आत हवा, खडा, किडा काही राहायला नको. पन्नास वर्षांत तिनं एकदाही ती काठी चुकवली नव्हती.

गुरुवारी चुकली. तीन बाजू झाल्या होत्या, ती घोटभर पाणी प्यायला आत गेली, आणि तेवढ्यात बदक नव्या टोमॅटोंत शिरलं. अक्का काठी घेऊन बदकामागे धावली. बदक पुढे, अक्का मागे, विहिरीला दोन फेरे. परत आली तेव्हा काठी विहिरीत होती, आणि अक्काला दम लागला होता. तिनं बसल्या बसल्या चौथी बाजू शिवून टाकली.

शुक्रवारी दुपारपर्यंत पाच फेर झाले. मग मला हाक आली.

"ढुंकून बघू नको म्हणाले होते ना? आता बघ. हा मधे उंचवटा कसला आलाय?"

"शर्टाची घडी झाली असेल," मी म्हणाले.

अक्कानं त्यावर थापटी मारली. उंचवटा दोन वीत पलीकडे गेला.

"शर्ट चालला की गं!" ती म्हणाली.

तेवढ्यात पाहुण्यानं बघितलं. सात वर्षांत त्या कुत्र्यानं चोराला, पोस्टमनला, कुणाला म्हणून भुंकून दाखवलं नव्हतं. पण गोधडी हललेली त्याला पटली नाही. त्यानं तिच्यावर उडी घेतली. आतून मॅनेजरचा असा काही आवाज आला, की पलीकडच्या आळीतला शिंपी मशीन सोडून बाहेर आला. बोका बिचारा काल दुपारपासून आत झोपला होता. गोधडी उठली. चारही धोंडे उडाले. मग ती मिरचीच्या वाफ्यातून, भोपळ्याच्या आळ्यातून, आणि शेवटी नव्या टोमॅटोंतून धावली. तिच्या मागे कुत्रा, कुत्र्यामागे अक्का, अक्कामागे मी. बदक एका जागी उभं राहून बघत होतं. ह्यात आपला काही संबंध नाही असा चेहरा होता त्याचा.

कात्रीनं एक बाजू उसवली तेव्हा मॅनेजर बाहेर आला. अंग झाडलं, जिभेनं एक पाय चाटला, आणि सगळ्यात मऊ जागा शोधायला निघून गेला.

मी गोधडीचं टोक उचलून बघितलं. "अक्का, संपलं गं. परवा रविवार. गोधडी चिखलात, एक बाजू उघडी, पाच फेर सैल. लेकीला काहीतरी कारण सांगू."

"कारण?" अक्काच्या केसांत टोमॅटोचं पान होतं. "कारणं सांगायला मी काय शाळा बुडवलीय? पाणी तापव. धुऊ, वाळवू, शिवू."

"मदत चालत नाही ना?"

"पाणी तापवणं म्हणजे मदत नाही. शेजार आहे."

शनिवारी धुण्याच्या पाण्यानं अंगण ओलं, म्हणून अक्कानं गोधडी ओसरीतल्या खाटेवर घेतली. नवारीची जुनी खाट, मधे जरा खोल गेलेली. अक्का तिच्यावरच मांडी घालून बसली आणि शिवत सुटली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी मी सुया गंजल्या का बघायला गेले तर म्हणाली, "बोलू नकोस, फेर मोजतेय." उजेड गेला तेव्हा थांबली. रविवारी पहाटे उजाडल्याबरोबर पुन्हा बसली. शेवटची उघडी बाजू राहिली होती.

गाडी दारात थांबली तेव्हा अक्कानं दोरा दातांनी तोडला.

"झाली," ती म्हणाली. "बघ."

लेकीनं गोधडीचं टोक धरलं आणि उचललं. खाट उचलली गेली. तिनं हिसका दिला. अक्का तिच्याकडे सरकली.



लेक वाकली, खाटेखाली बघितलं. मीही बघितलं. नवारीच्या पट्ट्यांतून त्या शेवटच्या बाजूचे टाके खाली आले होते आणि परत वर गेले होते. एका सरळ रेषेत, डोक्यापासून पायापर्यंत. आणि वरच्या अंगाला, जिथे अक्का बसली होती, तिथे तिचं कमरेचं फडकं खिशांसकट शिवलं गेलं होतं.

"आई," लेक म्हणाली, "तू गोधडी खाटेला शिवलीस. आणि स्वतःला गोधडीला."

मी अक्काच्या तोंडाकडे बघितलं. क्षणभर, अगदी क्षणभरच, तिचा चेहरा पडला. तिला माहीतच नव्हतं. मग तिनं मान वर केली.

"मग?" ती म्हणाली. "शिवलं. मुद्दाम शिवलं. ने आता."

"मुद्दाम?"

"न्यायचं तर खाटेसकट ने. पाचव्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणालीस ना?"

"आई, ते फडकं सोड आणि उठ."

"गाठ माझी आहे. मी सोडणार नाही."

"म्हणजे तू अशीच बसणार?"

"मी माझ्या घरात, माझ्या खाटेवर, माझ्या फडक्यात बसलेय. तुला अडचण होत असेल तर झारी घे आणि मिरच्यांना पाणी घाल. चारच राहिल्यात."

जावई एव्हाना खिशातली टेप काढून खाटेची लांबी मोजत होता. मग त्यानं बाहेर जाऊन गाडीचं टप मोजलं. परत येऊन म्हणाला, "पाय कापले तर बसेल."

"कुणाचे?" अक्का म्हणाली.

लेकीला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण नाकातून निघालंच. मग तिनं पर्समधून तिची दवाखान्यातली बारीक टोकाची कात्री काढली आणि खाटेखाली उताणी झोपली. टाके काढायची तिला सवय. एक एक टाका कापत, खालून बोलत होती. "सुईत दोरा कुणी ओवला?"

"वाऱ्यानं."

"आणि दिसत नसताना शिवलंस कसं?"

"डोळ्यांनी शिवतं कोण? नवारीची पट्टी बोटाला लागत होती. तिच्या कडेनं गेले."

खाली कात्रीचा आवाज थांबला. मग लेक म्हणाली, "अहो, टेप द्या इकडे."

जावई म्हणाला, "मीच धरतो." तोही खाली झोपला. आता दोघांचे पायच तेवढे बाहेर दिसत होते. टेप सर्रकन ओढल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला.

"सरळ आहे," जावई म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्याचं एवढं ठाम मत मी पहिल्यांदाच ऐकलं. "सूतभर फरक नाही."

लेक बाहेर आली. केसांत जळमटं. गोधडी मोकळी करून तिनं उन्हात धरली आणि सगळीकडून बघितली. एका खाकी तुकड्यावर खिसा तसाच ठेवला होता. तिनं त्यात हात घातला, जरा वेळ ठेवला, आणि काढून घेतला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "राहा."

"मी राहातच होते," अक्का म्हणाली. "तू ये-जा करत होतीस."

"पण शिडी मी नेणार."

"शिडी ने. खुराडं ठेव."

"आणि ही बाजू पुन्हा उघडी पडली, ती कोण शिवणार?"

"तू. घरी ने आणि शीव. मीही बघते तुझे डोळे कसे आहेत ते."

लेकीनं आयुष्यात माणसं शिवली असतील, गोधडी कधी शिवली नव्हती. पण नाही म्हणायला ती तरी कुणाची मुलगी! "पुढच्या रविवारी आणते," म्हणाली. "फूटपट्टी लावून बघ." तिनं गोधडी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि आम्ही सगळे तिची चप्पल शोधायला लागलो, कारण पाहुण्यानं ह्या वेळी उजव्या पायाची नेली होती. ती भोपळ्याच्या आळ्यात पुरलेली सापडली. मग जावयानं गोधडीची गुंडाळी केली, सुतळीनं बांधली, मागच्या सीटवर ठेवली. शिडी टपावर बांधली. गाडी गेली.

अक्कानं फडकं कमरेला पुन्हा बांधलं आणि तिसऱ्यांदा टोमॅटोची रोपं लावायला घेतली.

सूर्य कलला तेव्हा लेकीचा फोन आला. सुखरूप पोचलो म्हणाली. गेटवरच्या रखवालदारानं गोधडी वर न्यायला मदत केली, फार वजनदार आहे म्हणाला. पाचव्या मजल्यावर त्याच्यासमोरच सुतळी सोडली. मॅनेजर आत होता.